टाचांची दाद

दिवस पहिला, शुक्रवार

हॅलिफॅक्स विमानतळावर भाचीनं मिठी मारली आणि पहिलं वाक्य टाकलं, "मावशी, चपला नकोत. बूट आणलेस ना? नाचायचंय." मला वाटलं थट्टा करतेय.

दोन वर्षं झाली ती केप ब्रेटन बेटावरच्या सिडनीला शिकते आहे. ऑस्ट्रेलियातलं सिडनी नव्हे, कॅनडाच्या पूर्व टोकाचं. मागच्या वर्षी तिनं तिथल्या फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, एक ध्वनिफीत फोनवर पाठवली होती. मी मिरजेची. तंतुवाद्यांच्या गावची असल्यामुळे मत द्यायचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे असं आम्हाला वाटतं. मी उत्तर पाठवलं, "छान आहे, पण सगळं एकसारखंच वाटतं." त्यावर तिनं तीन दिवस उत्तर दिलं नाही. मग एकच ओळ आली, "इथं येऊन ऐक."

म्हणून आले. ऑक्टोबर निवडला, कारण याच महिन्यात बेटभर 'सेल्टिक कलर्स' हा सेल्टिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या, संगीताचा महोत्सव भरतो. 1997 पासून दर वर्षी नऊ दिवस. त्याला एक मोठा मांडव वगैरे नसतो. गावोगावचे हॉल, चर्चं, शाळा, अग्निशमन दलाच्या इमारती, जिथे शंभर खुर्च्या मावतील तिथे मैफल. ध्वनिमुद्रित गाणं आणि समोरचं गाणं यांत केवढा फरक असतो ते मला शिकवायची गरज नव्हती. वडील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला घेऊन जायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे मोठमोठे गवई हजेरी लावतात. तिकीट नाही, खुर्ची नाही. वडिलांचा नियम एकच होता : गाणाऱ्याकडे पाय करायचा नाही आणि पायानं ताल धरायचा नाही. माझी टाच जरा हलली की गुडघ्यावर चापटी यायची. "पाय आवर." ताल हातावर, दाद मानेनं आणि फार झालं तर तोंडानं.

हे सगळं इतक्या विस्तारानं का सांगते आहे ते पुढे कळेल.

अडीच तास गाडी चालवल्यावर कॅन्सोचा बांध लागला. केप ब्रेटन हे बेट 1955 पर्यंत खरोखरचं बेट होतं, होडीशिवाय जाता येत नसे. मग 1,385 मीटर लांबीचा दगडी बांध घालून ते मुख्य भूमीला जोडलं. जुनी माणसं गमतीनं म्हणतात की बांध घातला तेव्हा कॅनडा आम्हाला जोडला गेला. पलीकडे उतरल्या उतरल्या डावीकडे 19 नंबरचा रस्ता फुटतो. त्याचं नाव केली ट्रेल. 'केली' हा शब्द लिहिताना त्यात इतकी जास्तीची अक्षरं घालतात की वाचणारा घाबरतो, पण उच्चार आपल्या 'मजा केली'मधल्या 'केली'सारखा. स्कॉटलंडहून आलेल्या गेलिक भाषेत मूळ अर्थ एकमेकांकडे जाणं, गप्पांना बसणं. त्या बसण्यात कुणी गोष्ट सांगे, कुणी गाई, कुणी भिंतीवरचं फिडल काढी. आता तिकीट लावून होणाऱ्या छोट्या मैफलीलाही तोच शब्द वापरतात.

जुडीक गावात सेल्टिक संगीताचं एक केंद्र आहे, 2006 साली उघडलेलं. तिथे दुपारच्या जेवणाबरोबर फिडल ऐकायला मिळतं. आम्ही सूप आणि ओटच्या जाडसर बिस्किटांची बशी घेऊन बसलो. कोपऱ्यात एक पियानो, त्याच्यावर एक बाई. शेजारी खुर्चीत विशीतला मुलगा, मांडीवर फिडल. व्हायोलिनच, दुसरं काही नाही. माझ्या मनात व्हायोलिन म्हणजे जोग, मग ते व्ही. जी. असोत की प्रभाकर. मांडी घालून, डोळे मिटून, वाद्याचं टोक पायाशी टेकवून वाजवणारा माणूस. हा मुलगा खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसला, फिडल हनुवटीखाली घेतलं, आणि गज तारेला लागायच्या आधी त्याची टाच जमिनीवर आपटली.

धप्. धप्. धप्. अख्ख्या लाकडी फळ्यांतून ते माझ्या खुर्चीपर्यंत आलं. आधी वाटलं पोरगा नवखा आहे, लय सावरतोय. मग दुसरा पायही सुरू झाला. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांचे पाय टेबलाखाली चालूच होते. चेहरे मात्र कोरे. सूप पिताहेत, खिडकीबाहेर बघताहेत. कुणी मान हलवत नाही, कुणी 'क्या बात है' म्हणत नाही. कमरेच्या वर काही घडतच नाही. मी भाचीच्या कानात म्हटलं, "हे ऐकताहेत की नाही?" ती म्हणाली, "खाली बघ."

केंद्राच्या आत बडी मॅकमास्टर यांच्याबद्दल बरंच काही मांडलं आहे. 1924 चा जन्म, 2014 ला गेले. आयुष्यभर रेल्वेत स्टेशन एजंट. दिवसा गाड्या आणि तारा, रात्री गावोगावच्या नाचांना फिडल. पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली ती निवृत्तीनंतर, 1989 साली. तोवर त्यांना ऐकायचं तर त्या हॉलमध्ये जाऊन नाचावं लागे. नाटाली मॅकमास्टर हे नाव जगभर पोचलेलं आहे, ती त्यांची पुतणी. पण जुडीकमध्ये नाटालीचं नाव काढलं की लोक हो हो म्हणतात आणि पुन्हा बडींवर येतात.

रात्री माबू गावात मुक्काम.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळभर पाऊस. माबूचा लाल डोंगर धुक्यात बुडालेला. मेपलची पानं रस्त्यावर चिकटून बसलेली. आम्ही गावातल्या जुन्या दुकानात उभारलेल्या संग्रहालयात वेळ काढला. त्याचं नाव 'अन ड्रोखच', म्हणजे पूल. गावांच्या पाट्या इथे इंग्रजी आणि गेलिक अशा दोन्ही भाषांत आहेत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि बेटांवरून हजारो माणसं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत इथे आली. बऱ्याच जणांना जमीनदारांनी मेंढ्यांसाठी हुसकून लावलं होतं. येताना आणलेलं सामान थोडं आणि चाली भरपूर. तिकडे स्कॉटलंडमध्ये पुढे संगीत बदललं, शास्त्रशुद्ध झालं, स्पर्धांच्या मंचावर गेलं. इकडे बेटावर ते नाचाच्या पायांनी धरून ठेवलं. आता स्कॉटलंडचे वादक जुना बाज शिकायला इथे येतात.

माबूच्या चर्चची एक गोष्ट सगळे सांगतात. 1865 नंतर तीसेक वर्षं इथे फादर केनेथ मॅकडॉनल्ड नावाचे पाद्री होते. दारू आणि नाच यांच्यावर त्यांचा राग. त्यांनी घराघरातून फिडलं गोळा करायला लावली आणि नष्ट केली. लोक हसून पुढे जोडतात की चांगली फिडलं कुणी दिलीच नाहीत, मोडकी तेवढी पुढे केली. खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण मिरजेच्या माणसानं हेच केलं असतं.

दुपारी 'रेड शू' पबमध्ये. माबूचं रँकिन कुटुंब गाण्या-वाजवण्यात कॅनडाभर गाजलं, त्या घरच्या बहिणींनी हा पब चालवायला घेतला. खिडकीशी फिडल आणि पियानो, समोर माणसं मासे-बटाटे खाताहेत. गाणं चालू असताना काटे-चमचे वाजलेले मला अजिबात आवडत नाहीत आणि ते मी लपवत नाही. तोंड वाकडं करून बसले होते. वाजवणारी चाळिशीची बाई होती. एक संथ, ठसक्याची चाल वाजवत होती. तिला स्ट्रॅथस्पे म्हणतात. चार मात्रांचा ठेका, पण त्यात वारंवार एक हिसका : आधी आखूड स्वर, मग लांब. चालताना ठेच लागावी आणि तोल सावरताना पाऊल लांब पडावं तसं. ती चाल दोनदा, मग दुसरी स्ट्रॅथस्पे, मग तिसरी. मला त्यांची टोकं कळतच नव्हती. कुठं संपली, कुठं सुरू झाली?

आणि मग काहीतरी झालं. हिसके गेले. लय सपाट आणि वेगवान झाली. पाणी उताराला लागावं तशी. त्याच क्षणी खोलीत चार-पाच ठिकाणांहून 'हूप!' असे ओरडे उठले. चमचे थांबले. मागून कुणीतरी "ड्राइव्ह अर!" म्हणून ओरडलं. म्हणजे हाण, दामट. ती रील होती. स्ट्रॅथस्पेवरून रीलवर उडी.

मी ताठ बसले. कारण हे मला ओळखीचं होतं. सूर बदलला नव्हता. पहिल्या चालीपासून शेवटच्या रीलपर्यंत षड्ज तोच ठेवलेला. बाईंनी पंधरा मिनिटं एकाच सुरात राहून लय चढवत नेली होती. आम्ही विलंबितातून द्रुतात जाणाऱ्या गवयाची ज्या क्षणासाठी वाट बघत बसतो, तोच क्षण. फक्त आम्ही त्याला 'अहाहा' म्हणतो आणि हे 'हूप' म्हणतात. आता मला माझं ते 'एकसारखंच वाटतं' जरा टोचायला लागलं. ख्याल न ऐकलेला माणूस आमच्याबद्दल हेच म्हणतो.

आणखी एक गोष्ट पबमध्ये उमगली. एक स्वर लांब धरायच्या ऐवजी ती मनगटाच्या एका झटक्यात त्याचे तीन तुकडे करत होती, तर्र असा. इथे त्याला 'कट' म्हणतात. बॅगपाइपवरची करामत फिडलवर उतरवलेली आहे. पाइपचा सतत घुमणारा सूरही ती शेजारची मोकळी तार गजाखाली घेऊन आणत होती. ही तानपुऱ्याची हौस मला लगेच पटली.

संध्याकाळी वेस्ट माबूचा हॉल. शनिवारचा नाच. दारू नाही, हे दारावरच कळतं. आत चहा, सँडविच, बिस्किटं, दहा वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे. फिडलवाला आणि पियानोवाली एका बुटक्या मंचावर. त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही! माझ्यातला श्रोता पुन्हा दुखावला. कलाकार वाजवतो आहे आणि सगळा हॉल त्याच्याकडे पाठ करून गोल फिरतो आहे.

नाचाचा एक 'सेट' तीन भागांचा. पहिले दोन जिग नावाच्या वेगळ्या ठेक्याच्या चालींवर, तिसरा रीलवर. जोड्या गोलात उभ्या राहतात, हात धरतात, आत जातात, बाहेर येतात, फिरवतात. कुणी सूचना देत नाही, सगळ्यांना येतं. मला येत नाही, म्हणून भिंतीला टेकून उभी होते. तेवढ्यात एक आजोबा आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. हात पुढे करायच्या आधी त्यांनी विचारलं, तुझे वडील कोण?

मी गडबडले. भाचीनं सांगितलं की इथे हीच ओळख विचारायची पद्धत आहे. गेलिकमध्ये म्हणतात, 'को लेश ऊ?' शब्दशः, कुणाची तू? बेटावर मॅकडॉनल्ड इतके आहेत की आडनावाचा उपयोग नाही. म्हणून अमक्याचा तमका, त्याचा नातू असं तीन पिढ्यांचं नाव एका दमात घेतात. मला हसू आलं. आमच्या गल्लीत चार घरं सतारमेकरांची, तिथेही हेच. "कुणाची गं तू?" हा प्रश्न मी लहानपणी शंभरदा ऐकला आहे. मी आजोबांना वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण. ते गंभीरपणे म्हणाले, त्यांना मी ओळखत नाही, पण चला.

मग काय झालं ते सांगण्यासारखं नाही. दोनदा उलट्या दिशेला गेले, एका पोराच्या पायावर पाय दिला, साठीच्या एका बाईंनी मला खांद्यानं धरून जागेवर वळवलं. पण तिसऱ्या भागात, रील सुरू झाल्यावर, एक गोष्ट झाली. फळ्यांवर शंभर पावलं पडत होती आणि फिडलवाल्याची टाचही त्यातलीच एक होती. पाय जमिनीजवळच ठेवतात, उड्या मारत नाहीत. कंबरेवरचं अंग स्तब्ध. आणि मला कळलं की लोक त्याच्याकडे पाठ करून उभे नाहीत, ते त्याच्याबरोबर वाजवताहेत. जमीन हा तबला आहे.

अर्थात हे मी घामाघूम होऊन खुर्चीत कोसळल्यावर कळलं.

दिवस तिसरा, रविवार

पोटऱ्या दगड झाल्या आहेत.

उत्तरेला निघालो. मार्गरीच्या खोऱ्यात डोंगर पेटल्यासारखे लाल. मार्गरी हार्बरजवळ रस्ता समुद्राच्या अगदी कडेनं जातो. भाचीनं गाडी हळू केली. रँकिन कुटुंबातला जॉन मॉरिस, फिडल आणि पियानो दोन्हीत वाकबगार, जानेवारी 2000 मध्ये इथल्याच रस्त्यावरून गाडीसह समुद्रात गेला. आम्ही काही बोललो नाही.

शेटिकॅम्प हे गाव फ्रेंच भाषकांचं, अकेडियन लोकांचं. 1755 पासून इंग्रजांनी ज्यांना घरादारातून हाकललं त्यांच्यातलीच पुढची पिढी इथे वसली. चर्चचा चांदीसारखा चकाकणारा मनोरा, घराघरावर अकेडियन लोकांचा तारा असलेला तिरंगी झेंडा. गंमत म्हणजे त्यांचे फिडलवाले शेजारच्या स्कॉट लोकांच्याच चाली वाजवतात, आणि स्कॉट म्हणतात की त्यांच्या गजाला वेगळी उसळी आहे. खाडीकाठी मासा-बटाट्याचं सूप चांगलं होतं, याहून जास्त त्या गावाबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं नाही. कॅबट ट्रेल या डोंगरी रस्त्याचा प्रसिद्ध चढाचा भाग धुक्यानं बंद असल्यासारखाच होता, तो राहिला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

संध्याकाळी एका चर्चच्या हॉलमध्ये मैफल. इथे मात्र रांगेनं खुर्च्या, तिकीट, दिवे. बरेचसे आमच्यासारखे पाहुणे, बसनं आलेले. पहिली रील सुरू झाली आणि पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. सगळ्या हॉलभर. उत्साह फार, लय मात्र प्रत्येकाची स्वतःची. वाजवणारा हसत होता, पण त्याचे खांदे आखडले. माझ्या शेजारच्या स्थानिक बाई पुटपुटल्या, "आता त्या बिचाऱ्याला स्वतःचं फिडल ऐकू येत नसेल." त्या स्वतः टाळी वाजवत नव्हत्या. त्यांचा बूट मात्र अखंड चालू होता, इतका हलका की शेजारी बसूनच कळावा.

मी त्यांना विचारलं की चांगला वादक कसा ओळखायचा? मला वाटलं वेग म्हणतील. त्या म्हणाल्या, वेग कुणालाही येतो. आमचे म्हातारे म्हणायचे, ह्याच्या फिडलमध्ये गेलिक आहे, त्याच्यात नाही. ब्लास असायला हवा. 'ब्लास' म्हणजे चव, आणि तोच शब्द बोलण्याच्या ढंगालाही. भाषा बोलणारे कमी झाले तरी गजात तिचे हेल राहतात असं त्यांचं म्हणणं. मला व्हायोलिनच्या 'गायकी अंगा'ची आठवण झाली, पण ते समजावून सांगायला माझं इंग्रजी पुरलं नाही. "आमच्याकडेही तार बोलली पाहिजे म्हणतात," एवढंच म्हटलं. त्यांनी मान डोलावली. केप ब्रेटनमध्ये मला मिळालेली ती मानेची एकमेव दाद.

शेवटी एक संथ चाल झाली, नाचाची नव्हे, नुसती ऐकायची. कुणाच्या तरी मृत्यूनंतर बांधलेली. त्या वेळी सगळे पाय थांबले. शेजारच्या बाईंचासुद्धा. संपल्यावर टाळ्या यायला दोन-तीन श्वास लागले. तेवढा अवकाश मिरजेत मला क्वचित मिळतो. आमच्याकडे सूर विरायच्या आत कुणीतरी 'वाह' म्हणून स्वतःची जाणकारी नोंदवतोच.

दिवस चौथा, सोमवार

आज इथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी. दुकानं बंद, डब्यातल्या भाकरवडीवर दिवस काढला.

उलटा वळसा घेऊन मी हट्टानं ग्लेनडेलला जायला लावलं. भाची म्हणाली, बघायला काही नाहीये तिथं. खरंच नाही. एक चर्च, एक हॉल, माळ. पण गोष्ट मोठी आहे. 1971 मध्ये सरकारी दूरदर्शन वाहिनीनं एक माहितीपट दाखवला. त्याचं म्हणणं, केप ब्रेटनचा फिडलवाला नामशेष होत चालला आहे. तरुण कुणी शिकत नाही, ही शेवटची पिढी. बेटावर संताप उसळला. काही जण म्हणाले खोटं आहे, काही जण म्हणाले खरं आहे आणि म्हणूनच लाज वाटते. इथले पाद्री फादर जॉन अँगस रँकिन आणि आणखी काही लोक एकत्र आले, फिडलवाल्यांना शोधत घरोघर फिरले. 1973 च्या जुलैमध्ये ग्लेनडेलच्या माळावर शंभराहून जास्त फिडलवाले एकाच वेळी मंचावर बसले आणि एकत्र वाजवू लागले. मुलांच्या शिकवण्या सुरू झाल्या, संघटना उभी राहिली. परवा जुडीकला टाच आपटणारा तो मुलगा त्याच रांगेतला.

मला यातली गंमत सोडवत नाही. एका पाद्र्यानं फिडलं नष्ट केली आणि शंभर वर्षांनी दुसऱ्यानं ती भिंतीवरून खाली काढायला लावली. आणि ही दुसरी कामगिरी घडवून आणली ती एका टीकेनं. 'तुमचं संपलं' असं कुणी बाहेरच्यानं म्हटलं की माणसं कशी उठतात! आमच्या मिरजेत सतारीचे कारागीर कमी होताहेत हे आम्हीच एकमेकांना सांगतो आणि चहा पितो.

परत येताना व्हायकोकोमाजवळून गेलो. बेटाचं मूळ नाव उनामाकी, ते इथल्या मूळ रहिवासी मिग्मॉ लोकांचं. त्यांच्यातही फिडल रुजलं. एस्कासोनी गावचे ली क्रेमो, 1938 ते 1999, हे इथल्या सगळ्यात नावाजलेल्या वादकांपैकी. स्कॉट चाली, पण गज त्यांचा स्वतःचा, असं सांगतात.

बॅडेकला ग्रॅहम बेल यांचं संग्रहालय सुट्टीतही उघडं होतं. दूरध्वनीवाले बेल इथे राहिले, इथेच गेले, आणि 1909 च्या फेब्रुवारीत त्यांच्या मंडळींनी गोठलेल्या सरोवरावरून विमान उडवलं. बघितलं, बाहेर आलो.

दुपारी सेंट अ‍ॅन्सच्या गेलिक कॉलेजात. 1938 साली एका लाकडी खोपट्यात सुरू झालेली ही संस्था आज भाषा, फिडल, पाइप, विणकाम शिकवते. तिथे 'मिलिंग' पाहिलं. लांब टेबलाभोवती दहा-बारा माणसं बसतात, ओलं लोकरी कापड हातात धरतात आणि तालात टेबलावर आपटत शेजाऱ्याकडे सरकवतात. पूर्वी विणलेलं कापड घट्ट करायची ही रीत होती. एक जण कडवं म्हणतो, बाकीचे धृपद. कापड आता कधीच घट्ट होऊन गेलेलं आहे, पण गाणी चालू आहेत. मला जागा करून दिली. शब्द एकही कळत नव्हता, तरी हात चुकला नाही. जात्यावर आजीसमोर खुंटा धरून बसलेली सहा वर्षांची मी असाच हात फिरवायचे. ओवीचे शब्द तेव्हाही कळायचे नाहीत.

रात्री तिथेच महोत्सवाचा क्लब. गावोगावच्या मैफली संपल्या की रात्री अकरानंतर सगळे कलाकार इथे जमतात आणि पहाटेपर्यंत वाजवतात. कोण येणार ते आधी सांगत नाहीत. दीड वाजता चार फिडलं आणि दोन पियानोवादक, एकच पियानो. ते दोघे धावता धावता जागा बदलत होते आणि एकही ठोका चुकला नाही. पियानोची इथली पद्धत अफाट आहे : डावा हात खाली पायऱ्यांवरून धावत उतरल्यासारखा, उजवा हात ठेक्याच्या मधल्या फटीत बोटं घालतो. एक कॉलेजातली मुलगी सरळ मंचावर चढली, दहा-बारा पावलं नाचली आणि कुणी टाळी वाजवायच्या आत उतरून गर्दीत गेली. ना नमस्कार, ना कौतुकाची वाट. तिला राहवलं नाही एवढंच.

अडीचला भाचीनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. मी विचारलं काय झालं. "काही नाही," म्हणाली. नंतर गाडीत सांगितलं की स्ट्रॅथस्पेवरून रील व्हायच्या नेमकं आधी मी खुर्चीत पुढे सरकले होते. "आता तुला एकसारखं वाटत नाही."

दिवस पाचवा, मंगळवार

सिडनी. बंदरावर साठ फुटी फिडल उभं केलं आहे, 2005 सालचं, गजासकट. जहाजातून उतरलेले पर्यटक त्याच्याखाली फोटो काढतात. मीही काढला. ओंगळ आहे खरं, पण इथला पोलादाचा कारखाना 2001 मध्ये बंद पडला, कोळशाच्या खाणीही गेल्या. मग गावानं दारात उभं करायला काय निवडलं, तर फिडल. हे मला आवडलं. पूर्वी इथली मुलं पोटासाठी बॉस्टनला जायची, आणि तिथल्या हॉलमध्ये शनिवारी रात्री हेच नाच, हीच फिडलं. आमच्या कोकणातले चाकरमानी आणि त्यांची गिरगाव-लालबागची भजनी मंडळं काय वेगळी?

भाचीची खोली एका घराच्या तळघरात आहे. वर घरमालकीण एकटी राहते, सत्तरीची. भाचीनं पहिल्याच दिवशी बजावलेलं : आवाज हळू, मसाल्याचा वास कमी, दहानंतर काही नाही. शेवटची रात्र म्हणून पिठलं-भात केला. जुडीकला घेतलेली बडींची सीडी भाचीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातली. जेवताना लावली, हळूच. मग जरा मोठी केली. रील आली तशी आणखी जरा.

वरून ठक. ठक. ठक.

मी झटकन हात पुढे केला. मिरजेत वरच्या मजल्यावरची पोरं गाणी मोठ्यानं लावतात तेव्हा मीही झाडूच्या दांड्यानं छताला असंच ठोकते. मला त्याचा अर्थ शिकवायला नको. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"बंद करते गं," मी म्हटलं.

भाचीनं माझा हात धरला. "थांब. ऐक ना."

ठक. ठक. ठक. ठक. छताच्या फळ्यांतून, अगदी लयीत.